पगार पाळणाघरातच जातो, मग नोकरी करू कशाला?

पत्र:

माझं बाळ दहा महिन्यांचं आहे. वाढवून घेतलेली रजा या महिनाअखेरीला संपते, तोवर ऑफिसला काय ते कळवायचं आहे. मी एका कंपनीत हिशेब विभागात नऊ वर्षं काम करते. वर्षाखालचं मूल घेणारं एकच पाळणाघर आमच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर आहे. तिथे बरेच दिवस यादीत नाव होतं, आता जागा मिळाली आहे. फी ऐकून मात्र धस्स झालं. माझा पगार १०० धरला तर ६८ फीमध्ये जातात आणि १२ प्रवासात. हातात उरतात २०. नवऱ्याचा पगार माझ्या दीडपट आहे. तो म्हणतो, "तुला हवं ते कर, माझा पाठिंबा आहे." पण हिशेब मांडायला बसलो की फी माझ्याच पगारातून वजा होते. सासूबाई म्हणतात, एवढ्याशासाठी लेकराला परक्यांच्या हाती कशाला द्यायचं? त्या सांभाळायला तयार आहेत, पण त्यांचे गुडघे दुखतात आणि रांगत्या बाळामागे दिवसभर धावणं झेपणार नाही, हे त्यांनाही कळतं. शिवाय पाळणाघर साडेसहाला बंद होतं आणि माझं ऑफिस सहाला सुटतं, तेही कागदोपत्री.

नोकरी सोडू का? बाळ तीन वर्षांचं झालं की परत लागेन असं म्हणते, पण मनातून धास्ती वाटते. आणि सोडली नाही तर बाळाचं नुकसान करतेय का, हेही डोक्यातून जात नाही.

– हिशेब न जुळणारी आई

उत्तर:

नऊ वर्षं हिशेब बघणाऱ्या बाईनं एक खर्च चुकीच्या खात्यावर टाकलाय आणि घरात कुणालाच ते खटकत नाहीये. आधी तेवढं दुरुस्त करू, मग राजीनाम्याचं बघू.

बाळ दोघांचं आहे. तुमचा नवरा रोज सकाळी निवांत कामाला निघतो, तो बाळाजवळ कुणीतरी आहे म्हणूनच. म्हणजे पाळणाघराची फी जितकी तुमच्या नोकरीपायी येते, तितकीच त्याच्याही. तुमचे १००, त्याचे १५०, घरात येतात २५०. त्यातले ६८ म्हणजे साधारण २७ टक्के. खर्च मोठा आहे, नाही कोण म्हणतंय? पण घराच्या मिळकतीतला चौथ्याहून थोडा जास्त हिस्सा गेला म्हणणं वेगळं आणि बायकोचा सगळा पगार पाळणाघरात गेला म्हणणं वेगळं. पगाराच्या प्रमाणात फी वाटली तर तुमच्या वाट्याला २७ येतात आणि त्याच्या वाट्याला ४१. प्रवास धरूनही तुमच्याकडे ६१ उरतात. सासूबाईंना जो 'एवढासा' वाटतोय, तो आकडा खरं तर हा आहे.

तुम्ही लगेच म्हणाल, वाटणी कशीही करा, मी घरी बसले तर घराचे महिन्याला २० च कमी होतात ना? होतात. या महिन्यापुरतं ते अगदी बरोबर आहे. फक्त एक लक्षात घ्या, की हा प्रश्न दर वेळी कमी पगार असलेल्यालाच विचारला जातो. बहुतेक घरांत तो पगार बाईचा असतो, आणि ती थांबली की आणखी मागे पडतो. दुसऱ्या मुलाच्या वेळी मग कुणी कागदही पुढे ओढत नाही, उत्तर आधीच ठरलेलं असतं.

म्हणून पुढची वर्षंही त्याच कागदावर घ्या. समजा दरवर्षी ८ टक्के पगारवाढ आहे (हा मी धरलेला आकडा, तुमचा तुम्ही घाला). नोकरीत राहिलात तर तीन वर्षांनी १०० चे साधारण १२६ होतात. सोडलीत आणि तीन वर्षांनी परत लागलात, तर जुन्याच १०० वर कुणी घेतलं तरी नशीब म्हणायचं, कारण मुलाखतीत पहिला प्रश्न त्या रिकाम्या तीन वर्षांबद्दल असतो. घेतलंच, तरी दरमहा २६ कमी. पुढच्या दहा वर्षांत ते तीन हजारांच्या वर जातात, म्हणजे तुमच्या आजच्या ३१ पगारांइतके. मधल्या ३६ महिन्यांत दर महिन्याचे २० गेले ते निराळे. निवृत्तीसाठी दरमहा कापला जाणारा पैसा बंद झाला, तोही निराळा. थोडक्यात, नोकरी सोडून तुमचा एक पैसाही वाचत नाही. बाळाबरोबरचा वेळ मात्र मिळतो. त्याची किंमत मी ठरवू शकत नाही, आणि तो वेळ हवासा वाटणं यात कमीपणाही काही नाही. पण मग कारण तेच सांगा. 'परवडत नाही म्हणून सोडली' असं म्हणू नका, कारण परवडण्याच्या दृष्टीनं सोडणंच महाग आहे.

ही धास्ती तुमच्या एकटीची नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगभरात ७० कोटी ८० लाख स्त्रिया घरच्यांच्या बिनपगारी देखभालीमुळे नोकरीधंद्याच्या बाहेर होत्या. याच कारणानं बाहेर असलेले पुरुष होते सुमारे ४ कोटी. 'तुला हवं ते कर' हे वाक्य घरोघरी बाईलाच ऐकावं लागतं, त्याचा एकत्रित परिणाम हा असा दिसतो.

आता फीकडे येऊ, कारण 'पाळणाघरवाले लुटतात' असं तुमच्याही मनात आलं असणार. काही लुटतातही. पण वर्षाखालच्या मुलांची फी जास्त असण्याचं मूळ कारण साधं आहे. एक बाई एका वेळी किती तान्ही बाळं सांभाळू शकेल, याला मर्यादा आहे. इंग्लंडमध्ये नियमच आहे, की दोन वर्षांखालच्या दर तीन मुलांमागे एक मोठं माणूस हवं. दोन वर्षांच्या मुलांना ते पाचास एक चालतं आणि तीनच्या पुढे आठास एक. म्हणजे तान्ह्या बाळाच्या फीमध्ये एका माणसाच्या पगाराचा तिसरा हिस्सा बसतो, वर जागेचं भाडं. कारखान्यात यंत्र आलं की माणसं कमी लागतात, इथे तसं होत नाही. कडेवर घेणं, भरवणं, झोपवणं याला जितका वेळ लागतो तितका लागतोच. म्हणून या कामाचा खर्च बाकी गोष्टींच्या मानानं वाढतच जातो. विल्यम बॉमल या अर्थतज्ज्ञानं १९६० च्या दशकात माणसांच्या हातांवर चालणाऱ्या सेवांबद्दल हे दाखवून दिलं होतं.

आणि तिथल्या मावशींना मिळणारा पगार बघितलात तर लुटीचा संशय आणखी कमी होईल. पालकांना फी झेपत नाही आणि मावशींचं त्या पगारात भागत नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. त्या मावशीचंही मूल कुठेतरी कुणाच्या तरी भरवशावर असतं. फी कमी करा म्हणणं सोपं आहे, पण ती तिच्या पगारातून कमी व्हायची असेल तर आपण एका आईची अडचण दुसरीच्या गळ्यात बांधतोय. मधला फरक सरकारी तिजोरीतून भरल्याशिवाय हे गणित जगात कुठेच नीट सुटलेलं नाही.

जिथे भरला गेला तिथे काय झालं? कॅनडाच्या क्वेबेक प्रांतानं १९९७ पासून पाळणाघराची फी दिवसाला ५ डॉलरवर आणायला सुरुवात केली आणि पुढच्या काही वर्षांत लहान वयोगटही त्यात घेतले. बेकर, ग्रूबर आणि मिलिगन या अर्थतज्ज्ञांनी केलेल्या मोजणीत दोन पालकांच्या घरांतल्या आयांचं नोकरीतलं प्रमाण जवळजवळ ८ टक्के-बिंदूंनी (म्हणजे दर शंभरांमागे आठ आयांनी) वाढलेलं दिसलं. नैरोबीच्या कोरोगोचो वस्तीत काही आयांना पाळणाघराच्या खर्चासाठी व्हाउचर दिली गेली. त्यांच्यात नोकरी करणाऱ्यांचं प्रमाण ८.५ टक्के-बिंदूंनी वाढलं, पण मला त्यातली दुसरीच गोष्ट जास्त बोलकी वाटते. आधीपासून काम करणाऱ्या आया व्हाउचर मिळाल्यावर कमी तास राबू लागल्या, तरी त्यांची कमाई घटली नाही. एकट्या आयांना ठरलेल्या वेळांची कामं धरता आली. मूल सुरक्षित जागी आहे हे नक्की असलं की मिळेल त्या वेळी मिळेल ते काम पत्करावं लागत नाही.

नॉर्वेचा अनुभव उलटा आहे. तिथे १९७५ च्या कायद्यानंतर पाळणाघरं भराभर वाढली, पण आयांच्या नोकऱ्यांत फारसा फरक पडला नाही. ज्या कामाला जात होत्या त्यांनी आजी, शेजारीण, ओळखीची बाई अशी व्यवस्था आधीच लावलेली होती. मुलं तिथून उठून सरकारी पाळणाघरात गेली, इतकंच. तुमच्या घरात असा तयार पर्याय नाही. सासूबाईंचे गुडघे हे त्याचं उत्तर आहे. म्हणून तुमच्या बाबतीत ही एक जागा मिळणं किंवा न मिळणं यावर नोकरी ठरणार आहे.

जागेवरून आठवलं. जर्मनीत १ ऑगस्ट २०१३ पासून वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला पाळणाघरात जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे. लाइपझिगच्या तीन आयांना ती वेळेत मिळाली नाही. त्यांनी बुडालेला पगार पालिकेकडे मागितला आणि प्रकरण वरच्या कोर्टापर्यंत गेलं. ऑक्टोबर २०१६ मध्ये तिथल्या संघीय न्यायालयानं सांगितलं, की पालिकेच्या चुकीमुळे जागा मिळाली नसेल तर बुडालेला पगार भरपाई म्हणून मागता येतो. मला हा निकाल फार आवडतो. पाळणाघर नसल्यामुळे गेलेला पगार हे नुकसान आहे आणि ते कुणीतरी केलेलं आहे, एवढं साधं म्हणणं एका कोर्टानं लिहून ठेवलं.

बऱ्याच देशांत ही जबाबदारी मालकावर टाकलेली असते. भारतात मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनं ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय बंधनकारक झाली, आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जायची मुभा मिळाली. चिलीमध्ये अट २० स्त्री-कर्मचाऱ्यांची आहे, आणि तिथे अभ्यासकांना दिसलं, की पाळणाघराचा भार असलेल्या कंपन्यांत नव्यानं लागणाऱ्या बायकांचा सुरुवातीचा पगारच कमी ठरतो. खर्च फिरून त्यांच्याच अंगावर! बायका मोजून अट लावली की असं होणारच. भारतात निदान सगळे कर्मचारी मोजतात. तुमच्या कंपनीला असा एखादा नियम लागू होतो का, हे मनुष्यबळ विभागाला लेखी विचारा. तोंडी विचारलंत तर 'बघू' एवढंच मिळेल. ऑफिसच्या आवारात पाळणाघर नसलं तरी जवळपासच्या पाळणाघराशी करार किंवा फीचा वाटा, असं काही कागदावर असतं आणि मागितल्याशिवाय कुणी सांगत नाही.

पैशांवर इतकं बोलले, पण तुमच्या पत्रातली मला सर्वात जास्त काळजी वाटलेली ओळ साडेसहाची आहे. फी दर महिन्याला एकदा भरायची असते, साडेसहा रोज वाजतात. सहाला दहा मिनिटं असताना कुणीतरी म्हणतं, "पटकन एक आकडा जुळवून देता का?" सव्वासहाला तुम्ही जिन्यात असता, एका हातात बॅग, दुसऱ्या हातात फोन, आणि पलीकडून मावशी विचारत असतात, "निघालात का?" महिन्यातून चारदा असं झालं की ऑफिसात 'ती घड्याळ बघून पळते' आणि पाळणाघरात 'त्या रोज उशीर करतात', दोन्हीकडे नाव खराब. आया नोकरी सोडतात तेव्हा कारण म्हणून फी सांगतात, कारण ते सांगायला सोपं आहे. पण माणूस मोडतं ते या अर्ध्या तासात.

क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. अवेळी, लांबलचक, सांगाल तेव्हा हजर राहणाऱ्याला तासामागेही जास्त मोबदला देणाऱ्या नोकऱ्यांमुळे आई आणि बाबा यांच्या कमाईतली दरी कशी रुंदावते, हा त्यांच्या अभ्यासाचा एक मोठा भाग आहे. डेन्मार्कमध्ये पाळणाघरांची सोय जगात उत्तम म्हणावी अशी आहे. तरीही पहिल्या मुलानंतर आईची कमाई बाबाच्या तुलनेत सुमारे २० टक्क्यांनी मागे पडते आणि मागेच राहते, असं क्लेव्हन आणि सहकाऱ्यांच्या २०१९ च्या अभ्यासात दिसतं. बाबाच्या कमाईला धक्काही लागत नाही. म्हणजे पाळणाघर मिळालं की सगळं सुटलं असं नाही. तिथून बाळाला आणायचं कुणी, हा प्रश्न उरतोच.

म्हणून ऑफिसशी बोलताना पगारवाढ वगैरे सध्या बाजूला ठेवा आणि वेळ मागा. सकाळी एक तास लवकर येते, पाचला निघते. अर्धवेळ काम मागायचा मोह होईल, पण सावध राहा. पगार अर्धा होतो, फी अर्धी होत नाही (जागा तर पूर्णच अडते), आणि काम तर मुळीच अर्धं होत नाही, ते घरी येतं. हिशेब विभागात महिनाअखेर आणि वर्षअखेर कधी येणार हे आधीच माहीत असतं. ते दिवस आत्ताच दिनदर्शिकेवर लाल करा. त्या दिवशी बाळाला नवरा आणेल.

हो, नवरा. पाठिंबा आहे म्हणतो ना? मग तो पाठिंबा वारांमध्ये मागा. सोमवार, बुधवार, शुक्रवार आणायला तू. तुझ्या ऑफिसलाही कळू दे, की तुला मूल आहे. पाळणाघराच्या अर्जावर तातडीच्या फोनसाठी दोन जागा असतात. पहिल्या जागी त्याचा नंबर घाला. हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये. बाळाला ताप आला की मावशी यादीतला पहिला नंबर लावतात, आणि तो उचलला गेला की दुसरा कुणी लावत नाही. पहिल्या सहा-आठ महिन्यांत बाळं पाळणाघरात वरचेवर आजारी पडतात, सर्दी एकाकडून दुसऱ्याकडे जातेच. त्या रजा कुणाच्या खात्यातून जाणार, हे आत्ता ठरलं नाही तर तुमच्याच खात्यातून जातील. आणि वर्ष संपता संपता 'हिच्या फार रजा होतात' हा शेरा तुमच्याच नावावर बसेल.

तो म्हणेल, "माझ्या ऑफिसात असं चालत नाही." तुमच्या तरी ऑफिसात कुठे चालतं?

आता बाळाचं नुकसान. अमेरिकेत १९९१ पासून तेराशेहून जास्त मुलांचा जन्मापासून पाठपुरावा करणारा मोठा अभ्यास झाला. फक्त आईनंच सांभाळलेली मुलं आणि इतरांनीही सांभाळलेली मुलं यांच्या वाढीत एकूणात फरक दिसला नाही. घरातलं वातावरण आणि आईवडिलांचं मुलाशी असलेलं वागणं यांचा प्रभाव पाळणाघरापेक्षा जास्त होता. पण याच अभ्यासात हेही आहे, की सांभाळ चांगला असेल तर भाषा आणि समज थोडी पुढे जाते, आणि फार जास्त तास काढणाऱ्या मुलांत वागण्याच्या तक्रारी किंचित जास्त दिसतात. क्वेबेकमध्ये तर घाईघाईनं जागा वाढवल्या तेव्हा मुलांच्या चिडचिडीत आणि आजारपणात वाढ नोंदली गेली. म्हणून 'पाळणाघर चांगलं की वाईट' हा प्रश्न सोडून द्या आणि 'हे पाळणाघर कसं आहे' ते जाऊन बघा.

बघायचं म्हणजे वेळ ठरवून, आवरलेल्या खोलीत बसून माहितीपत्रक वाचायचं नाही. दुपारी, मुलं झोपेतून उठायच्या सुमाराला जा. ती वेळ सगळ्यात कठीण असते. एकाच वेळी तिघं रडतात, एकाचं दुपटं ओलं, एकाला भूक. तेव्हा मावशी काय करतात बघा. एकाला उचलताना दुसऱ्याशी बोलतात का? दुपटं बदलल्यावर हात धुऊनच दूध घेतात का? मुलाला नावानं हाक मारतात की 'ए गप' म्हणतात? तान्ह्यांच्या खोलीत एका मावशीमागे किती बाळं आहेत ती तुम्ही स्वतः मोजा, सांगतील त्यावर जाऊ नका. आणि एक प्रश्न नक्की विचारा: या खोलीतल्या मावशी किती दिवसांपासून इथे आहेत? वर्षभरात तीन मावशी बदलल्या असतील तर भिंतीवरची चित्रं कितीही सुंदर असोत, मी विचार बदलेन. दहा महिन्यांच्या बाळाला ओळखीचा चेहरा लागतो. मावशी टिकत नाहीत याचा अर्थ त्यांना पगार धड मिळत नाही किंवा कामाचा भार असह्य आहे, आणि दोन्हीची झळ शेवटी बाळालाच लागते.

पहिले दहा-बारा दिवस बाळ रडेल. सोडताना तुम्हीही रडाल. पाठ वळल्यावर ते किती वेळ रडतं हे मावशींना विचारा आणि तो वेळ रोज कमी होतोय ना, एवढं बघा. महिनाभरानंतरही कमी होत नसेल, खाणं-झोप बिघडली असेल, तर ते गंभीरपणे घ्या. म्हणूनच रजेचा शेवटचा आठवडा घरी न काढता बाळाला तिथे रुळवण्यात घाला. आधी तासभर, मग दोन तास, मग जेवणापर्यंत.

सासूबाईंना मी या सगळ्यातून बाहेर काढणार नाही. त्यांच्या बोलण्यात टोमणा असेल, पण त्या सांभाळायला तयार आहेत हेही खरं आहे. पूर्ण दिवस त्यांच्यावर टाकलात तर दोन महिन्यांत गुडघे बोलतील, आणि त्या दिवशी तुमच्याकडे ना पाळणाघराची जागा असेल ना आजी. त्याऐवजी बाळाला ताप असेल त्या दिवशी, किंवा पाळणाघराला सुट्टी असेल तेव्हा त्यांनी बघावं, सोबत तुमच्यापैकी एकानं अर्धा दिवस घरी राहावं. बाळाला पाळणाघरातून आणल्यावरचा तासभर हवा तर त्यांचाच. 'परक्यांच्या हाती' या बोलण्याला उत्तर देत बसू नका. त्यांना एक दिवस पाळणाघर बघायला घेऊन जा. मुलं वाढवलेल्या बाईची नजर तुमच्या-माझ्यापेक्षा तयार असते. त्यांना एखादी गोष्ट खटकली तर ती ऐका.

मराठी वाचकांकडून अशी पत्रं आली की उत्तराच्या शेवटी 'तुमच्या मनाला काय वाटतं ते करा' असं लिहायची पद्धत आहे. मी माझं मत सांगते: सोडू नका, निदान आत्ता नाही. एक वर्ष करून बघा. बाळ मोठं होईल तशी एका मावशीमागची मुलं वाढतात आणि बहुतेक ठिकाणी फी उतरते, तेव्हा ६८ हा आकडा कायमचा नाही. पहिलं वर्ष सगळ्यात महाग आणि सगळ्यात दमवणारं असतं, आणि नेमकं त्याच वर्षाकडे बघून बायका पुढच्या तीस वर्षांचा निर्णय घेतात.

पाळणाघर पाहून आल्यावर मन धजलं नाही, किंवा बाळ रुळलंच नाही, तर सोडावी लागेल. त्यात हरल्यासारखं काही नाही. पण तेव्हाही राजीनामा शेवटी. आधी बिनपगारी रजा मागा, सहा महिने, आठ महिने, जेवढी मिळेल तेवढी. तीही नाकारली तर बाहेर पडताना साहेबांकडून कामाचं पत्र घ्या आणि हिशेबाच्या नियमांत दरवर्षी होणारे बदल चुकवू नका. वर्षअखेरीच्या गर्दीत दोन आठवड्यांचं काम मिळालं तर ते करा, म्हणजे मुलाखतीत वर्षं कोरी दिसणार नाहीत. आणि तुमच्या नावावर दरमहा ठरावीक रक्कम जमा व्हायला हवी. किती, ते दोघांनी बसून ठरवा, पण तुमचा निवृत्तीचा जो पैसा थांबला निदान तेवढी तरी. नवऱ्याला हे अवघड वाटलं तर त्याला सांगा, की बाळाला घरी सांभाळण्याची फी ६८ च्या खाली कुणीच सांगत नाहीये.

तूर्तास मुदत महिनाअखेरीची आहे. त्याआधी पाळणाघराची जागा हातची जाऊ देऊ नका. आगाऊ रक्कम भरून पावती घ्या आणि न आल्यास त्यातले किती परत मिळतील ते पावतीवरच लिहून मागा. ऑफिसला 'रुजू होते, वेळेबद्दल बोलायचं आहे' असा दोन ओळींचा मेल करा. आणि पाळणाघराचा अर्ज आज रात्री नवऱ्याकडे भरायला द्या.